बाटलीची मागची बाजू : माशाच्या तेलाच्या कॅप्सूल निवडताना

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ६१, मधुमेह १० वर्षांपासून, २ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन नियमित चालू, तरीही ताज्या तपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २६५. डॉक्टरांनी जाता जाता ‘माशाचे तेल घ्यायला हरकत नाही’ असे सांगितले. नवी पेठेतल्या दुकानात ६० कॅप्सूलची एक बाटली ३६० रुपयांना आणि दुसरी १,४४० रुपयांना मिळते, दोन्हींवर ‘१००० मिलीग्रॅम’ असेच ठळक छापलेले आहे, मग चौपट पैसे नेमके कशाचे? शिवाय आई माळकरी आहे आणि तिलाही ओमेगा-३ घ्यायला सांगितले आहे, तर तिने काय घ्यावे?

मी औषधनिर्माणशास्त्र शिकल्यावर आधी ४ वर्षे तेलांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम केले आणि गेली २२ वर्षे सोलापुरात औषधांचे दुकान चालवते. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो आणि काउंटरवर उभ्याउभ्या त्याचे नीट उत्तर देता येत नाही, याची मला रुखरुख लागून राहते. म्हणून येथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट ही की बाटलीच्या पुढच्या बाजूवरचे ‘१००० मिलीग्रॅम’ हे कॅप्सूलमधल्या एकूण तेलाचे वजन आहे. औषधी उपयोग असतो तो त्या तेलातल्या दोन ओमेगा-३ मेदाम्लांचा, म्हणजे ईपीए आणि डीएचए यांचा. मूळ माशाच्या तेलात या दोघांचे प्रमाण मिळून साधारण ३० टक्के भरते. म्हणूनच बाजारातल्या सर्वसाधारण कॅप्सूलवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘ईपीए १८० मिलीग्रॅम, डीएचए १२० मिलीग्रॅम’ असे आढळते. म्हणजे १००० मधले कामाचे ३०० आणि उरलेले ७०० इतर सर्वसाधारण मेद. तुम्ही लिहिल्याप्रमाणे ३६० रुपयांची बाटली अशीच आहे, आणि १,४४० रुपयांच्या बाटलीवर ईपीए ४६० व डीएचए ३४०, म्हणजे एकूण ८०० मिलीग्रॅम लिहिले आहे. आता हिशेब करा. पहिल्या बाटलीत ६० कॅप्सूलमध्ये १८ ग्रॅम ईपीए-डीएचए मिळते, म्हणजे ग्रॅमला २० रुपये पडतात. दुसरीत ४८ ग्रॅम मिळते, म्हणजे ग्रॅमला ३० रुपये. चौपट महाग वाटणारी बाटली प्रत्यक्षात दीडपट महाग आहे. बाटल्यांची तुलना नेहमी याच पद्धतीने करावी, आणि ती करताना मागचा आकडा एका कॅप्सूलचा आहे की दोन कॅप्सूलच्या ‘एका मात्रेचा’ आहे हे आवर्जून पाहावे, कारण कितीतरी कंपन्या दोन कॅप्सूलचा आकडा छापतात आणि घाईत तो एकीचा समजला जातो. ज्या बाटलीवर ‘ओमेगा-३’ असा एकच एकत्रित आकडा असतो आणि ईपीए व डीएचए वेगवेगळे दिलेले नसतात, ती मी कोणालाही घ्यायला सांगत नाही. ‘ओमेगा ३-६-९’ हे मिश्रणही आपल्याकडे निरर्थक आहे. सूर्यफूल आणि करडईच्या तेलावर स्वयंपाक करणाऱ्या घरात ओमेगा-६ आधीच भरपूर असते, ते कॅप्सूलमधून विकत घेण्याचे काहीच कारण नाही.

आता त्या दीडपटीचे कारण. तेलातले ईपीए-डीएचएचे प्रमाण वाढवण्यासाठी, म्हणजे ३० टक्क्यांचे ८० टक्के करण्यासाठी, तेलातली मेदाम्ले त्यांना एकत्र बांधणाऱ्या ग्लिसरॉलपासून सोडवून इथाइल अल्कोहोलशी जोडली जातात आणि मग निर्वात ऊर्ध्वपातनाने हवी ती मेदाम्ले वेगळी काढली जातात. या अवस्थेत ते ‘इथाइल एस्टर’ असते. काही उत्पादक येथेच थांबतात. काही जण पुढे आणखी एक प्रक्रिया करून मेदाम्ले पुन्हा ग्लिसरॉलला जोडतात, त्याला ‘पुनर्रचित ट्रायग्लिसराइड’ म्हणतात आणि तो खर्च किमतीत येतो. इथाइल एस्टर वाईट नसते, पण रिकाम्या पोटी घेतले तर त्याचे शोषण फारच कमी होते. तेच चांगल्या, स्निग्धांश असलेल्या जेवणाबरोबर घेतले तर फरक बराच भरून निघतो. म्हणून सकाळच्या चहाबरोबर कॅप्सूल गिळण्याची सवय मोडावी आणि ती दुपारच्या किंवा रात्रीच्या भरपेट जेवणाच्या मध्ये घ्यावी. भाकरीबरोबर तेल घातलेली शेंगाची चटणी असली तरी तेवढा स्निग्धांश उपयोगी पडतो. येथे एक गैरसमज दूर करते, कारण त्यापायी लोकांनी चांगली बाटली परत केलेली मी पाहिली आहे : लेबलवर ‘ट्रायग्लिसराइड स्वरूप’ लिहिलेले असते ते तेलाच्या रचनेचे नाव आहे, ते घेतल्याने रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढत नाही.

मात्र माझ्या मते निवडीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा ताजेपणाचा आहे. सोलापूरकराला हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत, कारण शेंगदाण्याचा कूट डब्याच्या तळाशी राहिला की उन्हाळ्यात त्याला कसा खवट वास येतो, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शेंगदाणा तेलातील मेदाम्लांच्या साखळीत एक किंवा दोन दुहेरी बंध असतात. ईपीएमध्ये ५ आणि डीएचएमध्ये ६ असतात. हवेतला प्राणवायू नेमका या बंधांच्या आसपास हल्ला करतो. त्यामुळे जे शेंगदाण्याचे काही महिन्यांत होते, ते माशाच्या उघड्या तेलाचे काही दिवसांत होऊ शकते. कॅप्सूलचे जिलेटिनचे कवच आणि त्यात मिसळलेले ई जीवनसत्त्व ही गती मंद करतात, थांबवत नाहीत.

तेल खवट होते ते दोन टप्प्यांत. आधी पेरॉक्साइडे तयार होतात, त्यांना वास नसतो. मग ती फुटून अल्डिहाइडे तयार होतात आणि तो उग्र वास त्यांचा असतो. प्रयोगशाळेत पहिल्या टप्प्याचे मोजमाप पेरॉक्साइड मूल्याने आणि दुसऱ्याचे अ‍ॅनिसिडीन मूल्याने होते. ओमेगा-३ उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा अशी आहे : पेरॉक्साइड मूल्य ५ पेक्षा जास्त नको, अ‍ॅनिसिडीन मूल्य २० पेक्षा जास्त नको, आणि पेरॉक्साइड मूल्याची दुप्पट अधिक अ‍ॅनिसिडीन मूल्य अशी जी बेरीज येते, जिला ‘टोटॉक्स’ म्हणतात, ती २६ च्या आत हवी. उदाहरणार्थ पेरॉक्साइड ३ आणि अ‍ॅनिसिडीन १२ असेल तर टोटॉक्स १८ येतो, आणि ते तेल चांगले. फक्त पेरॉक्साइडचा आकडा दाखवणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नये. प्रयोगशाळेत असताना मी स्वतः पाहिले आहे की फार जुन्या तेलात पेरॉक्साइडे फुटून संपत येतात आणि तो आकडा पुन्हा खाली उतरतो, म्हणजे सर्वांत बिघडलेले तेल कागदावर निर्दोष दिसते. दोन्ही आकडे एकत्र पाहिले तरच खरे कळते. एक अपवाद असा की लिंबू किंवा संत्र्याचा स्वाद मिसळलेल्या तेलात त्या स्वादातलीच अल्डिहाइडे अ‍ॅनिसिडीन मूल्य फुगवतात, तेव्हा तेथे हा आकडा जपून वाचावा लागतो.

हे आकडे बाटलीवर छापलेले नसतात. पण बॅच क्रमांक छापलेला असतो, आणि ज्या कंपनीला आपल्या मालाची खात्री आहे ती त्या बॅचचा तपासणी अहवाल संकेतस्थळावर देते किंवा ई-मेल केल्यावर पाठवते. मी दुकानात नवा माल ठेवण्यापूर्वी हा अहवाल मागवते. काही ठिकाणांहून दोन दिवसांत येतो, काही ठिकाणांहून ‘आमचा माल उत्तम आहे’ एवढेच उत्तर येते, आणि तेवढे उत्तर मला पुरेसे असते. तुम्ही ग्राहक म्हणूनही तो मागू शकता. अहवालात पारा, शिसे, तसेच पीसीबी आणि डायॉक्सिन या विषारी प्रदूषकांचेही आकडे असावेत. पाऱ्याची भीती लोकांना जास्त वाटते, परंतु पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटून राहतो, शुद्ध केलेल्या तेलात तो फार उतरत नाही. पीसीबी आणि डायॉक्सिन मात्र मेदात विरघळणारी असल्याने तेलात येतात आणि ती काढण्यासाठीच ऊर्ध्वपातन लागते. ‘आयफॉस’ किंवा ‘यूएसपी व्हेरिफाइड’ यांसारखे त्रयस्थ संस्थेचे चिन्ह असेल तर ही तपासणी कंपनीबाहेरच्या कोणीतरी केलेली आहे असे समजावे. ‘फ्रेंड ऑफ द सी’ हे चिन्ह वेगळ्या गोष्टीचे आहे. मासेमारी समुद्राला जपून झाली एवढेच ते सांगते. तेही मोलाचे आहे, पण त्यावरून तेल ताजे आहे असे ठरत नाही.

एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, ‘हेल्थ सप्लिमेंट’ हा उल्लेख आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना बाटलीवर असलीच पाहिजे. बाटली आयात केलेली असेल तर आयातदाराचे नाव व पत्ता हवा. हे नसेल तर बाटली कितीही झगझगीत असो, घेऊ नये. मात्र परवाना क्रमांक आहे म्हणजे ती विशिष्ट बॅच ताजी आहे, असा त्याचा अर्थ नाही.

आता जो मुद्दा परगावच्या सल्ल्यांत सापडत नाही तो सांगते, तो म्हणजे आपले ऊन. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांच्या घरात असतो, आणि बंद ट्रकमध्ये, पत्र्याच्या गोदामात किंवा काचेच्या दर्शनी कपाटात तो त्याहून किती वर जातो याची कल्पना करा. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका वितरकाकडून माझ्याकडे आलेल्या खोक्यातल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या. मुदत अजून १४ महिन्यांची होती. मी एक कापून पाहिली तेव्हा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. माल परत केला. पण तोच माल इतर दुकानांत विकला गेला असेल का, हा विचार अजूनही मनातून जात नाही. तेव्हापासून मी उन्हाळ्यात हा माल अगदी थोडा मागवते आणि वातानुकूलित खोलीत ठेवते. तुम्हीही दुकानदाराला बाटली कोठे ठेवली होती हे विचारायला संकोचू नका. घरपोच मागवायचे असेल तर दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ बरा. १८० कॅप्सूलची मोठी बाटली स्वस्त पडते खरी, परंतु रोज झाकण उघडून सहा महिने तिच्यात हवा जाऊ देण्यापेक्षा ६० ची बाटली किंवा प्रत्येक कॅप्सूल वेगळी बंद असलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी अधिक सुरक्षित. बाटली अपारदर्शक असावी आणि उन्हाळ्यात झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावी.

घरी करता येण्यासारखी परीक्षा एकच, आणि ती सोपी आहे : नवी बाटली उघडल्यावर एक कॅप्सूल सुईने टोचा, तेलाचा थेंब बोटावर घ्या, वास घ्या आणि जिभेला लावा. ताज्या तेलाला समुद्राचा हलका वास असतो किंवा जवळजवळ नसतोच. रंगाच्या डब्याची, जुन्या तळणीची किंवा कडवट चव आली तर ती बाटली परत करावी. तीव्र स्वाद मिसळलेल्या कॅप्सूलमध्ये ही परीक्षा चालत नाही, म्हणून मी पहिल्यांदा घेणाऱ्यांना बिनस्वादाची कॅप्सूल सुचवते. ढेकर माशाच्या वासाचे येतात म्हणजे तेल खराबच असते असे नाही, पण जेवणाबरोबर घेऊनही ते अतिशय उग्र असतील तर वास घेऊन पाहावा. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत कॅप्सूलचे तेल थर्मोकोलच्या पेल्यात ओततात आणि पेला विरघळला की तेल ‘बनावट’ ठरवतात. त्यातून फक्त ते तेल इथाइल एस्टर आहे एवढे कळते. फ्रीझरमध्ये तेल गोठते की नाही या परीक्षेनेही गुणवत्ता ठरत नाही.

आता तुमच्या वडिलांविषयी, आणि हा भाग मी फार जबाबदारीने लिहीत आहे. माशाच्या तेलाबद्दल संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. १९९९ साली इटलीतल्या हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांच्या अभ्यासात रोज साधारण १ ग्रॅम मात्रेने मृत्यूचे प्रमाण घटले. पुढे स्टॅटिनचा वापर रूढ झाल्यावर, २०१८ साली १५,४८० मधुमेहींच्या आणि २५,८७१ सर्वसाधारण प्रौढांच्या दोन मोठ्या अभ्यासांत तेवढ्याच मात्रेचा हृदयासाठी ठळक फायदा दिसला नाही. त्याच वर्षी ‘रिड्यूस-इट’ या अभ्यासात स्टॅटिन घेऊनही ट्रायग्लिसराइड वाढलेल्या ८,१७९ रुग्णांना रोज ४ ग्रॅम शुद्ध केलेले ईपीए दिले गेले आणि हृदयविकाराच्या गंभीर घटना २५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र २०२० साली ईपीए व डीएचए एकत्र, तेही ४ ग्रॅम दिलेल्या १३,०७८ रुग्णांच्या ‘स्ट्रेंग्थ’ अभ्यासात फायदा आढळला नाही. ‘रिड्यूस-इट’मध्ये तुलनेसाठी वापरलेल्या खनिज तेलामुळे फरक फुगला का, यावर तज्ज्ञांत अद्याप वाद आहे. ४ ग्रॅमच्या या दोन्ही अभ्यासांत मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा. २०० ते ४९९ या दरम्यानचे ट्रायग्लिसराइड ४ ग्रॅम मात्रेने साधारण २० ते ३० टक्के उतरू शकते. रोज एका साध्या कॅप्सूलने, म्हणजे ३०० मिलीग्रॅमने, ते उतरणार नाही. आणि ४ ग्रॅम गाठायचे तर स्वस्त बाटलीतल्या १३-१४ कॅप्सूल रोज लागतील, महागातल्या ५, म्हणजे महिन्याला अनुक्रमे सुमारे २,४०० आणि ३,६०० रुपये. ही मात्रा म्हणजे उपचार आहे, आणि तो अँजिओप्लास्टी झालेल्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाने दुकानातून बाटली आणून स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ‘हरकत नाही’ या शब्दांवर थांबू नका. पुन्हा डॉक्टरांना भेटा आणि सरळ विचारा : रोज किती ग्रॅम ईपीए-डीएचए अपेक्षित आहे, की चिठ्ठीवर मिळणारे शुद्ध ईपीए द्यायचे आहे, ठोके अनियमित असल्याची पूर्वी कधी नोंद आहे का, आणि साखर, थायरॉइड, मद्य यांपैकी कशामुळे ट्रायग्लिसराइड वाढले आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर ९ च्या घरात असेल तर आधी ती उतरवणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. डॉक्टरांनी अर्धा ते एक ग्रॅम एवढीच मात्रा सांगितली तर दुसऱ्या बाटलीतली रोज एक कॅप्सूल पुरे, अर्थात तिची बॅच ताजी असल्याची खात्री करून. कॉड माशाच्या यकृताचे तेल मात्र या कामासाठी अजिबात नको. त्यात ए आणि डी जीवनसत्त्वे असतात आणि ईपीए-डीएचएची मात्रा गाठण्यासाठी कॅप्सूलची संख्या वाढवली तर ए जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर पोटात जाते. गरोदर स्त्रियांनी तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

वडील मासे खात असतील तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली हा उत्तम मार्ग आहे; १०० ग्रॅममध्ये १ ग्रॅमच्या आसपास ईपीए-डीएचए सहज मिळते, फक्त ते खोल तेलात तळू नयेत. उजनीच्या धरणातली चिलापी किंवा रोहू प्रथिनांसाठी चांगली, पण या मेदाम्लांच्या बाबतीत गोड्या पाण्यातला मासा समुद्रातल्या तेलकट माशाची बरोबरी करत नाही.

आईंसाठी उत्तर सोपे आणि समाधानकारक आहे. मासा ही मेदाम्ले स्वतः बनवत नाही. ती मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात तयार होतात आणि अन्नसाखळीतून माशात येतात. तेच शैवाल टाक्यांत वाढवून काढलेले तेल आता आपल्याकडे मिळते. बाटलीवर हिरव्या चौकोनातले हिरवे वर्तुळ आहे आणि कवच वनस्पतिजन्य आहे, एवढे पाहावे. तपकिरी त्रिकोण असेल तर ती मांसाहारी आहे. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे कवच बहुधा गाईगुरांच्या किंवा माशांच्या जिलेटिनचे असते, त्यामुळे धार्मिक कारणाने ज्यांना पथ्य आहे त्या सर्वांनीच हे वाचून घ्यावे. शैवालाच्या तेलात बहुधा डीएचए जास्त व ईपीए कमी असते, म्हणून आकडे तेथेही तपासावेत. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी होते आणि ती जरूर खावी, पण जवसातले ओमेगा-३ वेगळ्या जातीचे असते आणि शरीर त्यातले फार थोडे ईपीएत, व त्याहूनही थोडे डीएचएत बदलते. डॉक्टरांनी डीएचए सांगितले असेल तर फक्त चटणीवर भागणार नाही.

वडिलांचे तेल सुरू झाले तर तारीख लिहून ठेवा आणि १२ आठवड्यांनी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि आदल्या रात्री जड जेवण टाळून. मध्ये छातीत धडधड जाणवली, हिरड्यांतून रक्त आले किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरली तर कॅप्सूलचा उल्लेख डॉक्टरांकडे आधी करा, कारण सप्लिमेंट म्हणून रुग्ण ते सांगायचेच विसरतात. आणि पूर्ण मात्रेत, ताजे तेल, जेवणाबरोबर १२ आठवडे घेऊनही आकडा जागचा हलला नसेल, तर तो अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पुढची बाटली आणण्यापूर्वी हे तेल बंद करायचे का, हे विचारा.